चौथी वही

सापडल्या त्या तीनच वह्या.
लाबे नदीकाठच्या आमच्या गावात
जुनी मीठ-कचेरी पाडायला काढली तेव्हा
१८२७ च्या वजनांच्या बाडाखाली,
सुतळीनं बांधलेल्या :
पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, चेलो.
व्हायोलाची नाही.
आणि मी व्हायोला वाजवते.

नाव इग्नात्स वोंद्रूश्का. हुद्दा दुय्यम कारकून.
खाल्ल्या मिठाला जागलेला माणूस, अगदी शब्दशः;
तीस वर्षं गोणी मोजल्या,
छटाकभरही इकडची तिकडे नाही.
कबर होती म्हणतात.
तिथं आता बसथांबा आहे.

आम्ही दर गुरुवारी जमतो
फळबाग-विद्यालयाच्या वर्गात.
भिंतीवर सफरचंदांच्या रोगांचे तक्ते.
ब्लाझेना दात काढते, विट अजून शिकतोय,
क्वीडोनं जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली,
मी पाणीपट्टी-खात्यात.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा
वाद्य मांडीवर ठेवून मी नुसती मात्रा मोजत बसले.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी
तसा कान पुन्हा पुन्हा तिथंच.
पहिला भाग घाईचा, जरा उर्मटही,
काल नोकरीत बढती मिळाल्यासारखा.
दुसऱ्यात मात्र एक चाल येते,
रात्री जिना चढताना कुणी जागं होऊ नये
म्हणून बूट हातात घ्यावेत, तशी,
आणि वरच्या पायरीवर
तिघंही एकदम गप्प.
चार आवर्तनं.
तिथं एकट्या व्हायोलाचं काहीतरी असणार.

प्रागच्या एका प्राध्यापकांनी भरपाई पाठवली,
व्याकरणशुद्ध, कडक इस्त्रीची.
क्वीडो म्हणाला, दुसऱ्याचा कोट घालून आलीस.
मग मी स्वतः लिहून पाहिलं, सात वेळा.
सातही कोटच.

फेब्रुवारीत दिवे गेले एका संध्याकाळी,
म्हणून क्वीडोनं वही खिडकीशी नेली,
बर्फाच्या उजेडात धरली तिरपी.
त्या चार आवर्तनांवर
जुन्या जर्मनमध्ये, फिकट शाईत :
थांब. योहानाचं होऊ दे.

मग दिसायलाच लागलं.
जिथं जिथं विराम, तिथं तिथं
एक छोटा आकडा, जो आम्ही
इतके महिने शाईचा डाग समजत होतो.

चर्चच्या नोंदवहीत त्या दशकात एकवीस योहाना.
बाप्तिस्मा, लग्न, ताप, बाळंतपण.
एक दाई, एक धोबीण, एकीपुढं नुसतं "वेडसर".
व्हायोला कुणाच्याच पुढं नाही;
लिहिणार तरी कोण होतं?
वही तिची होती, तीच घेऊन गेली असेल.
पेटीच्या तळाशी अंथरली असेल,
मुरंब्याच्या बरणीवर दादरा म्हणून बांधली असेल.
किंवा तिला वही लागतच नसेल,
आणि आम्ही शोधतोय ती
कधी लिहिलीच गेली नसेल.

मे महिन्यात वाजवलं, चौतीस माणसांसमोर.
दोघं झोपलेली.
बाकी जागी मी माझं काही जोडलं होतं,
सुरात बसेल एवढंच.
त्या चार आवर्तनांना हात खाली घेतला.
नळात पाणी चढल्याचा आवाज आला,
नदीवर एका बोटीनं भोंगा दिला,
कुणाची तरी खुर्ची.
विटचे कान लाल झाले.
मग चेलो आला, हळू,
दार लोटून आत यावं तसा.

नंतर एक आजीबाई कोट चढवता चढवता म्हणाल्या,
मधे चुकलीस ना गं तू?
मी म्हटलं, नाही, पाळी माझी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात
बिलं चौदाशे बारा.
यादीत योहाना सहा.
त्यातल्या एकीची मार्चपासून थकबाकी.
तिची नोटीस मी
गठ्ठ्यात जरा खाली सरकवली.